कडब्याखालची मोटार

ती घटना आठवली की आजही आधी नाकात कडब्याचा वास येतो, मग बाकीचं सगळं. नोकरीत मी खून पाहिले, जळालेल्या सुना पाहिल्या, विहिरीतून काढलेली माणसं पाहिली. पोलिसाला हळूहळू सवय होते. हादरले ती एका पाणी उपसायच्या मोटारीपायी. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरडा नाही, आणि तरी त्या दिवशी माझे पाय शेतातल्या मातीत रुतून बसले होते.

मी धुळ्याला शिपाई म्हणून भरती झाले आणि जळगाव जिल्ह्यात सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शिक्षण दहावी. पंचनामा लिहायला मला कुणी शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत जुने पंचनामे वहीत उतरवून काढायचे, तसं शिकले. म्हणून लिहिते तेही बोलल्यासारखंच, सांभाळून घ्या. या हकिगतीत कुणाचं नाव येणार नाही. गाव पाचोऱ्याच्या अलीकडचं की पलीकडचं तेही विचारू नका, त्या घरात लेकी-सुना नांदताहेत.

आखाजी वीसेक दिवसांवर आली होती. खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण आणि लग्नांचाही हंगाम. त्या सुमाराला आमच्या हद्दीत विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या. ऐन उन्हाळ्यात मोटार गेली की पीक गेलं, त्यामुळे रोज कुणी ना कुणी शेतकरी ठाण्यात येऊन बसलेला. आमचे साहेब, म्हणजे पोलीस निरीक्षक, चहासुद्धा उभ्यानेच प्यायचे.

एके दिवशी सकाळी मी ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर होते. फोन वाजला. तोंडावर फडकं धरून बोलल्यासारखा आवाज.

"चोरीनी मोटार शे. जेलमधून उनेल पोऱ्या शे ना, तेन्हा गोठामा. कडबाखाल."

"कोण बोलताय भाऊ?"

"कोनी का असेना. लवकर या. आजच या."

फोन बंद. मी दैनंदिनीत नोंद केली, साहेबांना सांगितलं. 'आजच या' हे शब्द तेव्हाच खटकायला हवे होते. खबर देणारा माणूस भीत असतो, तो घाई करत नाही. पण चोऱ्यांनी आमचं डोकं उठलेलं, आणि खबरीत जेलमधून आलेला पोरगा होता. तेवढं पुरेसं वाटलं.

त्या पोराला मी ओळखत होते. वीस-एकवीसच्या वयात मारामारीत सापडला होता. समोरच्याचा हात मोडला आणि याच्या हातात लोखंडी पाईप होता. तीन-साडेतीन वर्षं आत काढून दिवाळीच्या आधी सुटला. आता बघा, पोरगा आत गेला मारामारीत. पण रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. हद्दीत कुठेही, कसलीही चोरी झाली की आधी भिंतीवरच्या यादीतली पोरं तपासायची, ही आमची पद्धत. जीप दारात उभी करायची आणि विचारायचं, "काल कुठे होतास?" मीही तेच करत आले. त्याच्या दारातही जाऊन आले होते, या फोनच्या आठवडाभर आधीच. ते लक्षात ठेवा.

सुटल्यावर तो कामाला लागला होता एका नानांकडे. हे नाना दीपनगरच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन गावाकडे आले आणि तालुक्याच्या बाजारात जळालेल्या मोटारींची तार पुन्हा गुंडाळून, म्हणजे मोटारी बांधून द्यायचं दुकान टाकलं. दुकानात कामाला पोरं ठेवायची ती जेलमधून सुटलेलीच, हा त्यांचा हट्ट. तेव्हा तिघं होते. लोक म्हणायचे, "नाना, तुमच्या दुकानाला शटर कशाले? गज लावा." नाना म्हणायचे, "शटर गिऱ्हाइकासाठी शे. माझी पोरं तर आतून बाहेर आलेली."

तर आम्ही निघालो. घरात बायका असतील म्हणून मी, सोबत एक हवालदार, दोन शिपाई आणि वाटेत घेतलेले दोन पंच. दहाचा सुमार. पोरगा सायकल काढून दुकानाला निघण्याच्याच बेतात होता. बाप ओट्यावर बसलेला. लग्न ठरलेली बहीण दळण निवडत होती, आम्हाला बघून सूप तसंच ठेवून उभी राहिली.

गोठ्यात गेलो. दोन बैल, कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. शिपायांनी आठ-दहा पेंढ्या ओढल्या आणि खाली मोटार. पाच हॉर्सपॉवरची, निळ्या रंगाची. कंपनीचा आणि नंबरचा पत्रा छिन्नीने उचकटून काढलेला, जागा पांढरी चकचकीत.

मी पोराच्या तोंडाकडे बघत होते. ती सवयच असते, माल निघाला की मालाकडे बघायचं नाही, माणसाकडे बघायचं. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तो वाकला, मोटारीवरून हात फिरवला, सरळ झाला आणि त्याने वळून बापाकडे पाहिलं. बाप खाली बघत होता.

"कुणाची आहे?" मी विचारलं.

"मी आणली," तो म्हणाला.

बहीण माझ्याकडे वळून ओरडली, "खोटं बोलतो हा! अक्का, हा रोज दुकानातून सरळ घरी येतो!" बापाने तिला हाताने गप्प केलं. पंचनामा झाला, सह्या झाल्या. जीपमध्ये बसताना बाप माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, आखाजीपर्यंत तरी ठेवशात ना याले?"

माझ्या सगळ्या नोकरीत आरोपीचे आई-बाप एकच विचारायचे, कधी सोडाल? कधीपर्यंत ठेवाल, हे विचारणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, पोराला कंटाळलेला दिसतो.

ठाण्यात साहेबांनी त्याला समोर बसवलं. अटक दाखवायची बाकी होती, चौकशीसाठी ताब्यात, एवढंच. पण वेळ थोडा होता. अटक दाखवली की चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं, आणि एकदा शिक्षा भोगून आलेल्या पोरावर दुसरा गुन्हा नोंदला की नानांचं दुकान, त्याचं काम, सगळं संपलं. तो पुन्हा आत, आणि या वेळी आतून बाहेर येईल तो दुसराच कुणी असेल. हे मला ठाऊक होतं, त्यालाही.

"कुठून आणलीस?"

"विहिरीवरून."

"कुणाच्या?"

"एका शेतकऱ्याच्या."

"सोबत कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"पत्रा का काढला?"

यावर तो म्हणाला, "ओळखू नये म्हणून काढतात ना, साहेब."

साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, "अक्का, एवढं सोपं गिऱ्हाईक कधी पाहिलंय का? न मारता, न दटावता?"

मी म्हटलं, "साहेब, तेच तर. याने विचारलं तेवढंच सांगितलं. चोर स्वतःहून काहीतरी जास्तीचं सांगतो. आणि पत्रा काढतात म्हणाला, काढला म्हणाला नाही."

मोटारी गेलेल्या शेतकऱ्यांना ओळख पटवायला बोलावलं. एकेक जण येऊन वाकून बघायचा, ठोकून बघायचा, आणि मान हलवायचा. "मन्ही हिरवी व्हती." "मन्ही तीन हॉर्सपॉवरनी व्हती." "अक्का, ही चांगली शे, पण मन्ही नही." शेवटचा गेला आणि आमच्याकडे राहिली एक मोटार, एक कबुली देणारा आरोपी, आणि फिर्यादी कोणीच नाही. मालक नसलेली चोरी! हवालदार म्हणाले, "अक्का, हिचा मालक काय आखाजीले माहेरी गेला का?" हसू आलं नाही कुणाला.

दुपारी नाना आले. फटफटी ठाण्याच्या दारात आडवी लावली, टोपी काढली आणि सुरुवातच केली.

"अक्का, माझा पोरगा द्या परत."

"नाना, पोरगा का कामगार?"

"कामगार असता तर दुसरा पाहिला असता, तुमच्या दारी उन्हात कशाला आलो असतो? कुठंय ती मोटार? मला दाखवा. मोटार माणसासारखी नसते, खोटं बोलत नाही."

साहेबांच्या परवानगीने, पंचांसमोर, नानांनी पान्याने मोटारीचं झाकण उघडलं. आत तांब्याची गुंडाळी असते, आणि ती हलू नये म्हणून दोऱ्याने आवळून बांधतात. नाना चष्मा कपाळावर चढवून आत बघत राहिले. बराच वेळ. मग तिथेच जमिनीवर बसले.

"काय झालं नाना?"

"ही त्याच्याच हातची," ते म्हणाले. "ही गाठ बघा. मी पोरांना साधी गाठ शिकवतो. हा ऐकत नाही, दुहेरी मारतो. जेलमध्ये याला सतरंज्या विणायला बसवलं होतं, तिथली गाठ आहे ही. मी किती रागावलो, तर म्हणाला, नाना, ही सुटत नाही. आमच्या दुकानात दुसऱ्या कुणाला येत नाही."

"म्हणजे तुमच्याकडे दुरुस्तीला आलेली मोटार. मालक आठवतो?"

नानांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "थंडीत आली होती. पोरगी घेऊन आली होती ट्रॅक्टरवर टाकून. ह्याची बहीण. म्हणाली, आबांना, म्हणजे बापाला, सांगू नका कुठं बांधली ते. त्यांनी दुसऱ्या दुकानात न्यायला सांगितलीय." त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली. "अक्का, ही ह्याच्या बापाची मोटार आहे."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. बापाची मोटार मुलाने चोरून बापाच्याच गोठ्यात? कशाला? मी साहेबांना म्हटलं, शेतावर जाऊन येते.

साध्या कपड्यांत गेले, हवालदारांच्या मोटारसायकलवर. गावाबाहेर त्यांची विहीर. शेतात उन्हाळी भुईमूग होता, आणि त्याने माना टाकलेल्या. विहिरीच्या कडेला सिमेंटच्या ओट्यावर नुसते चार बोल्ट उभे. पाईपचं तोंड उघडं. बाप बादलीने पाणी शेंदत होता आणि एकेका सरीला घालत होता. एवढ्या रानाला बादलीने! मोटार चोरीला गेलेला शेतकरी आमच्या ठाण्यात येऊन छाती पिटायचा. या माणसाने एक शब्द काढला नव्हता.

ओट्याजवळ छिन्नी पडलेली होती. आणि उन्हात चमकणारा तो पत्रा. फेकायलाही सुचलं नव्हतं त्याला.

मी पत्रा उचलला. माझे पाय तिथेच रुतले. 

"आबा, फोन तुम्हीच केला होता?"

त्याने बादली खाली ठेवली. नाही म्हणाला नाही. विहिरीच्या काठावर बसला आणि मोठ्या माणसाने रडू नये तसा रडला. मग सांगितलं.

पोरगा आत गेला तेव्हा यांनी गावाबाहेरच्या सगळ्या सोयऱ्यांना सांगितलं होतं, तो सुरतला साड्यांच्या कारखान्यात कामाला गेलाय. आमच्याकडे घरटी एक पोरगा सुरतला असतोच, कोण शंका घेणार? दोंडाईच्याकडचं स्थळ आलं मुलीला, त्यांनाही तेच सांगितलं, आणि लग्न आखाजीचं ठरलं. मग हा सुटून आला. त्याला गोठ्यात झोपायला सांगितलं, पाहुणे आले की मागच्या दाराने जायला सांगितलं. तो जायचा. पण मोटारी चोरीला जायला लागल्या, आणि एक दिवस नेमकी नवऱ्या मुलाची आत्या बांगड्यांचं माप घ्यायला आलेली असताना दारात पोलिसांची जीप उभी राहिली. आत्याने विचारलं, पोलीस कसाले उनात? हे म्हणाले, पत्ता विचारायला.

"ती जीप तुमचीच होती अक्का," तो म्हणाला. "अजून एकदा आली असती तर लगीन मोडलं असतं. मला वाटलं, लगीन होईपर्यंत तो तुमच्याकडेच असला तर तुम्ही माझ्या दारी येणार नाहीत. आज घरी पाहुणं कोणी नव्हतं, म्हणून आजच या म्हटलं. नंतर सुटेल तो. त्याला सवय शे."

त्याला सवय शे. बापाच्या तोंडचं वाक्य आहे हे. अजून कानात आहे.

"मग स्वतःची मोटार का ठेवली कडब्याखाली?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच वेडी आहे. "मग कुणाची ठेवू? दुसऱ्याची उचलू? मी चोर नही अक्का."

पोटच्या पोराला खोट्या चोरीत गुंतवायला धजला, पण दुसऱ्याच्या विहिरीवरची मोटार उचलायला हात पुढे झाला नाही. आदल्या दिवशी भर दुपारी आपलीच मोटार बैलगाडीत घालून घरी आणली आणि आपल्याच पिकाचं पाणी तोडलं. इतकी वर्षं मी गुन्हेगार पाहिले, असा एक पाहिला नव्हता. आणि त्याला तिथवर नेणारी जीप माझी होती, हे मला कोण विसरू देणार?

त्याला ठाण्यात आणलं. मागोमाग मुलगीही आली, धापा टाकत. साहेबांच्या खोलीत बाप आणि मुलगा समोरासमोर.

"तुले समजनं व्हतं?" बापाने विचारलं.

"मोटार माझ्या हातची होती आबा. झाकण न उघडताच ओळखली."

बाप चमकला. मोटार कुणी बांधली हे त्याला तेव्हा कळलं. "तू बांधेल शे ती? मंग सांगं का नही, का मन्हा बापनी मोटार शे?"

"तुम्हाला मी आत पाहिजे होतो ना. मग काय सांगू?"

बापाने मान खाली घातली. मुलगी मात्र तडकली. "आबा, मांडवात माझ्या हातात लाह्या कोण घालणार होतं? नवऱ्याचा कान कोण पिळणार होतं? सुरतचा भाऊ? तो काय पोस्टाने येणार होता का?"

खोटी खबर दिली म्हणून बापावर कारवाई करता आली असती. पोरगा साहेबांना एवढंच म्हणाला, "आबांवर काही लिहू नका." साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बापाला समज देऊन सोडायचं ठरवलं, आणि माझ्याकडे वळले. "अक्का, मोटार परत द्यायची तर मालकी सिद्ध करावी लागेल. पत्रा उचकटलेला आहे. बापाचा जबाब घ्या, आणि मोटार कशावरून ओळखली ते त्यात नीट येऊ द्या."

मी कागद ओढला आणि लिहायला लागले. नेहमीची भाषा. सदरची मोटार माझ्या मालकीची असून... इथे थांबले. म्हटलं, "आबा, ओळखीची खूण काय लिहू?"

त्याने पोराच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "लिवा. आतली गाठ."

"कुणी मारलेली?"

"मन्हा पोऱ्यानी."

"तो कुठे असतो लिहू? सुरतला?"

हे मी मुद्दाम विचारलं, आणि विचारल्याचा मला पस्तावा नाही. त्याने मान वर केली. "आठेच," म्हणाला. इथेच. "मन्हा घरमा."

जबाब वाचून दाखवायचा नियम आहे. मी वाचला. तो म्हणाला, पुन्हा वाचा. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचा म्हणाला तेव्हा कुणाला चष्मा पुसायचा होता, कुणाला पाणी प्यायचं होतं. अंगठा नाही, सही केली त्याने, चौथी शिकलेल्या हाताने, सावकाश.

मोटार टेम्पोत चढवली. पोरगा घरी गेला नाही, सरळ शेतावर गेला. बाप पाना द्यायचा, तो बोल्ट आवळायचा. हवालदार बघून आले. दिवस बुडायच्या आत भुईमुगात पाणी सुटलं होतं म्हणे.

लग्नाचं विचाराल, तर मोडलं. बाप नानांना घेऊन स्वतः दोंडाईच्याला गेला आणि सगळं सांगून आला. त्या लोकांनी आठ दिवस मागितले आणि नकार कळवला. म्हणाले, पोरगा जेलमध्ये होता याचं काही नाही, तुम्ही आमच्याशी खोटं बोललात. त्यांचंही चूक नव्हतं. दुसऱ्या वर्षी दुसरं स्थळ आलं, तेव्हा बापाने आधी मुलाला पुढे बसवलं आणि मग चहा दिला. त्या लग्नाला मी होते. कान पिळायची वेळ आली तर पोरगा इतका हळू पिळतोय की मांडवातून आरडाओरड, "अरे जोरात पिळ! हात नहीत का तुले?" ज्या हाताने एकाचा हात मोडला होता तो हात नवरदेवाच्या कानाला नुसता लागत होता. माझ्या शेजारच्या बाईला कळेना, ही पोलिसीण का डोळे पुसतेय.

मोटारी चोरणारे खरे चोर पुढे दुसऱ्याच तपासात सापडले. भिंतीवरच्या यादीत त्यांच्यातला एकही नव्हता.

मी काय शिकले? यादीतली पोरं तपासणं काही सुटलं नाही, ते कामच आहे. पण त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कुणाच्या दारात जीप नेली नाही. जिथे तो काम करतो तिथे जायचं, साध्या साडीत, जमलं तर दुरुस्तीला काहीतरी हातात घेऊन. माझा मिक्सर त्या काळात चार वेळा बिघडला.

आता नाना थकलेत. दुकान तोच पोरगा बघतो, आणि हाताखाली दोघं आहेत, आतून आलेलेच. कुणी सुटणार असलं की मी आणि तो जेलच्या दारात घ्यायला जातो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा सोबत याचा बापही आला, धोतर नेसून, फडक्यात भाकरी बांधून. दार उघडलं. एक पोरगा पिशवी घेऊन बाहेर आला आणि कोणी आपलं दिसतंय का बघत राहिला. त्याच्या घरचं कुणी आलं नव्हतं.

सवय वाईट. माझ्या तोंडाशी तो जुना प्रश्न आलाच, कुठला तू, कुठे जाणार. पण आबा माझ्या पुढे गेला. त्याने फडकं सोडलं आणि विचारलं, "जेवना का रे भाऊ?"

वर्दीत होते तोवर 'जेवलास का' हा प्रश्न मी पहिला कधीच विचारला नव्हता.